स्नोडोनिया घर (वेल्स)

वायव्य वेल्सच्या एरेरी (स्नोडोनिया) या डोंगराळ प्रदेशात सोळाव्या शतकात रूढ झालेला दगडी शेतघराचा प्रकार. आयताकृती, दीडमजली किंवा दुमजली बांधणी, लांबीच्या भिंतींत समोरासमोर दोन दारे आणि टोकाच्या त्रिकोणी भिंतीत चूल व धुराडे, ही त्याची ओळख. त्याआधीच्या घरांत दालनाच्या मधोमध विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. धूर भिंतीतल्या धुराड्यात गेला, तेव्हा कुठे वर मजला घालणे शक्य झाले. त्यामुळे दगडकाम कितीही नजरेत भरले, तरी या घराचा प्राण धुराड्यात आहे.

दारातून शिरले की घर आडवे छेदणारी वाट लागते. तिच्या एका अंगाला मोठी चूल असलेले मुख्य दालन. दुसऱ्या अंगाला ओकच्या खांब-फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे सहसा दोन लहान खोल्या, त्यांतली एक दूधदुभत्याची किंवा कोठीची. घराची आतली रुंदी साधारण पाच-सहा मीटर, म्हणजे ओकची एक तुळई पेलेल तेवढी. चुलीच्या तोंडावर जाड ओकची आडवी तुळई असते आणि बाजूच्या कोपऱ्यात, भिंतीच्या जाडीतच, वळणाचा दगडी जिना. तुळयांच्या खालच्या कडा तासलेल्या असतात. तासणी टोकाला जिथे थांबते तिथल्या नक्षीवरून जाणकार काळाचा अंदाज बांधतात. नेमके साल मात्र लाकडाच्या वार्षिक वलयांवरून मिळते. ओक ओला असतानाच घडवत, त्यामुळे झाड तोडल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत घर उभे राहिले असे धरतात. सालीलगतचे शेवटचे वलय तासून गेले असेल, तर एका सालाऐवजी काही वर्षांचा टप्पाच सांगता येतो.

भिंती ७० ते ९० सेंटिमीटर जाड. आतून-बाहेरून अनगड दगडांचे दोन थर, मध्ये चिपा-मातीचा भराव आणि दोन्ही थर जखडणारे आरपार दगड. पायाला आणि कोपऱ्यांना मोठे धोंडे वापरत. सांधे चुन्याचे किंवा नुसत्या मातीचे, वरून चुन्याचा हात. घर बहुधा उताराच्या दिशेनेच लांब बांधत: वरून येणारे पाणी मग अरुंद बाजूवर येते आणि तेवढाच चर खणून वळवता येते. छपरावर स्थानिक स्लेटच्या पातळ दगडी पाट्या; वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या, लाकडी खुंट्यांनी रिपांना अडकवलेल्या. धुराड्याच्या बुडाशी, छपराच्या जरा वर, स्लेटची पुढे आलेली कड दिसते. ती सांध्यावरचे पाणी दूर टाकण्यासाठी असते. पुष्कळदा तिला शोभेची समजतात.

‘अ गारेग वौर’ हे १५४४ चे शेतघर वाइनवौर गावातून हलवून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात पुन्हा उभारले आहे. पेनमाख्नोजवळचे ‘टी मौर’ हे बायबलचे वेल्श भाषांतर (१५८८) करणारे बिशप विल्यम मॉर्गन यांचे जन्मस्थान. तिथली आजची इमारत मात्र त्यांच्या जन्मानंतरची मानली जाते.

बिघाड आणि दुरुस्ती

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने होते. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडून वाळते. सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरल्या की ती भिंतीत अडकते, भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजतात आणि मऊ झालेल्या लाकडात कीड शिरते. जुनी फरशी काढून खाली प्लास्टिक व काँक्रीट घातले, की जमिनीतली ओल भिंतींकडे वळते. बाहेरची जमीन वर्षानुवर्षे भर पडून आतल्या फरशीपेक्षा उंच झाली असेल, तर आधी ती उतरवावी. बरीच ‘ओल’ तेवढ्यानेच जाते. आरपार दगड कमी असलेल्या भिंतीत वरून पाणी मुरून भराव खाली बसतो आणि बाहेरचा थर फुगतो. असा फुगवटा नुसत्या गिलाव्याने झाकू नये.

दर्जा भरताना जुना माल हाताने, निदान २५ मिलिमीटर खोल काढतात. सांधा धुऊन ओला करतात आणि एक भाग चुना, तीन भाग खरखरीत वाळू असा माल दाबून भरतात. रुंद सांध्यात दगडाच्या चिपा ठोकतात, नाहीतर माल आकसून तडकतो. पारा पाच अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तर काम थांबवावे, कारण कोवळ्या चुन्यात पाणी गोठले की तो भुगा होऊन गळतो. भरलेला भाग बरेच दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. घर संरक्षित यादीत असेल, तर त्याचे स्वरूप बदलणाऱ्या कामाला आधी परवानगी घ्यावी लागते. ती न घेणे हा गुन्हा आहे.