किराईतातील डायटर्पीन व त्याचे रासायनिक रूपांतर

गोव्यात ताप उतरेना की अजूनही घराघरांत किराईताचा काढा उकळतो. कोकणीत याला किरायतें म्हणतात. ही अडुळशाच्या कुळातील वर्षायू वनस्पती आहे. हिमालयातील चिरायता वेगळ्या कुळातला. नावे जवळची असल्याने दोन्हींची गल्लत होते आणि ती टाळायलाच हवी, कारण त्यांतील कडू द्रव्येही वेगळी आहेत. किराईताचा कडूपणा मुख्यतः अँड्रोग्राफोलाइड या डायटर्पीनाचा.

पाच कार्बनांच्या चार आयसोप्रीन घटकांतून उभा राहणारा 20 कार्बनांचा सांगाडा म्हणजे डायटर्पीन. अँड्रोग्राफोलाइडचे रेणुसूत्र C₂₀H₃₀O₅. सुकलेल्या पाल्याची पूड मिथेनॉलमध्ये भिजवली की गडद हिरवा अर्क उतरतो. हरितद्रव्य काढून टाकून तो शुद्ध केला की शेवटी रंगहीन स्फटिक हाती येतात. त्या हिरव्या राड्यातून असे स्वच्छ स्फटिक निघताना पाहणे हा रसायनाच्या विद्यार्थ्याला मोठा आनंद असतो.

हा रेणू प्रयोगशाळेत मुळापासून बांधता येतो, पण त्यात सहा असममित (चार वेगवेगळे गट जोडलेले) कार्बन आहेत आणि झाड ते आयते अचूक बसवून देते. म्हणून बहुतेक काम अर्धसंश्लेषणाचे, म्हणजे झाडाकडून सांगाडा घेऊन त्यावर नवे गट जोडण्याचे असते. खरी कसोटी तीन हायड्रॉक्सिल (OH) गटांपाशी लागते. तिसऱ्या व एकोणिसाव्या कार्बनावरील गट आधी ॲसिटोनाइड, म्हणजे ॲसिटोनपासूनचे तात्पुरते झाकण, करून झाकतात, मग चौदाव्यावर एस्टर (आम्ल व OH गट यांच्या जोडणीचे संयुग) जोडतात आणि सौम्य आम्लाने झाकण काढतात. इथे अल्कली वापरताना हात आखडताच हवा. चौदाव्यावरचा गट सहज निसटतो आणि रेणूत नवा दुहेरी बंध तयार होतो. लॅक्टोन (वलयरूप एस्टर) वलयालगतचा मूळ दुहेरी बंध मात्र जपावा लागतो. दाहाला चालना देणाऱ्या एनएफ-कप्पा-बी प्रथिनातील सिस्टीन या अमिनो आम्लाला रेणू जखडतो तो त्याच जागी.

अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारच कमी विरघळते, हे त्याचे मोठे उणेपण. यावरचा एक मार्ग दुसऱ्या भारतीय डायटर्पीनाने दाखवला आहे. कोलियस या वनस्पतीच्या मुळांतील फोरस्कोलिन 1970च्या दशकात हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुंबईतील केंद्रात वेगळे केले गेले. तेही पाण्यात नीट विरघळत नसे. त्याच्या सहाव्या कार्बनावर अमिनो गट असलेला एस्टर बसवून क्षार केला, तेव्हा ते विरघळू लागले. हेच रूप कोलफोर्सिन डॅरोपेट या नावाने जपानमध्ये हृदयविकारावर शिरेतून देण्यात येऊ लागले.