बांगड्यातलं बी-१२ आणि जीवाणूंची काटकसर

श्रावण सरला, चवथ पार पडली की म्हापशाच्या बाजारात बांगड्याभोवती जी झुंबड उडते, ती गोव्यात कुणाला वर्णन करून सांगायला नको. बांगड्यात बी-१२ जीवनसत्त्व भरपूर. पण ते बांगड्यानं केलेलं नसतं. प्राण्यांना ते जमत नाही, वनस्पतींनाही नाही. जमतं फक्त जीवाणूंना आणि आर्किया या त्यांच्यासारख्याच सूक्ष्मजीवांना. काम सुमारे तीस टप्प्यांचं, म्हणजे खर्चिक. म्हणून गरज नसेल तेव्हा त्याची जनुकं बंद ठेवायची, ही जीवाणूंची रीत.

ही रीत आधी उमगली ती जीवनसत्त्वांमुळे नव्हे, साखरेमुळे. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४१ साली झाक मोनो यांनी आपल्या प्रबंधात एक विचित्र आलेख मांडला. दोन साखरा एकत्र दिल्या तर जीवाणू आधी एकीवर वाढतात, मग थबकतात, आणि थोड्या वेळानं दुसरीवर पुन्हा वाढू लागतात. त्या थबकण्यात नवी एन्झाइमं तयार होत असतात. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं एन्झाइम ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्ये एरवी नावापुरतंच असतं. लॅक्टोज मिळालं आणि ग्लुकोज नसलं की ते सुमारे हजारपट वाढतं.

मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब पाश्चर इन्स्टिट्यूटच्या माळ्यावर, एकाच बोळाच्या दोन टोकांना काम करायचे. १९५९ साली आर्थर पार्डी यांच्यासह त्यांनी लॅक्टोजची धडधाकट जनुकं, ज्याच्यात ती बिघडलेली होती अशा जीवाणूत सोडली. एन्झाइम लगेच बनू लागलं, आणि काही वेळानं आपोआप बंद पडलं. म्हणजे जनुकाला दाबून धरणारा एक रेणू पेशीत हळूहळू साठत होता. त्यालाच रेप्रेसर म्हणतात. १९६१ साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, त्यांचा ऑपेरॉनचा, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचा, सिद्धांत सविस्तर छापून आला, आणि १९६५ साली आंद्रे ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं.

त्या लेखात एक अंदाज मात्र चुकला होता. रेप्रेसर आरएनएचा, म्हणजे जनुकाची नक्कल असलेल्या रेणूचा असावा, असं त्यांना वाटलं. १९६६ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढून दाखवला, तर ते निघालं प्रथिन. झालं, तेव्हापासून जो तो प्रथिनच शोधू लागला. थायमिन, रायबोफ्लेविन, बी-१२ या जीवनसत्त्वांच्या जनुकांसाठी तसा रेप्रेसर काही केल्या हाती लागेना.

२००२ साली उलगडा झाला. येलमध्ये रोनाल्ड ब्रेकर यांच्या आणि न्यूयॉर्कमध्ये एव्हगेनी नुडलर यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं, की जनुकाचा निरोप नेणारा आरएनएच जीवनसत्त्वाला थेट पकडतो. बी-१२ पुरेसं असलं की ई. कोलायमध्ये ते आत घेणाऱ्या जनुकाचा आरएनए अशी घडी घालतो की रायबोसोमला, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला, बसायला जागाच उरत नाही. मधे प्रथिन लागतच नाही. आरएनएतल्या या कळीला रायबोस्विच म्हणतात. तिच्यामुळे झाकोब-मोनोंचा तो अंदाज खरा ठरला असं नाही म्हणता येणार, पण आरएनएला इतकी वर्षं नुसता निरोप्या समजलं गेलं, हे खरं.

आता पुन्हा समुद्राकडे. २००५ साली शैवालांच्या ३२६ जातींची माहिती तपासली, तेव्हा १७१ जातींना बी-१२ बाहेरून घ्यावं लागतं असं निघालं. ते त्यांना जीवाणू पुरवतात. बांगडा खातो प्लवक, म्हणजे हीच सूक्ष्म शैवालं आणि त्यांवर जगणारे बारीक जीव. तिथून ते आपल्या हुमणात येतं.