सुईखालचे मायक्रोमीटर : जुन्या टर्नटेबलचा आवाज कमी खर्चात सुधारताना

एलपी तबकडीवर प्रमाण पातळीचा १,००० हर्ट्झचा सूर कोरलेला असेल, तर तो वाजताना सुई आपल्या मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना साधारण ८ मायक्रोमीटर हलते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम दहावा भाग झाला. त्याच कंप्रतेचा एखादा सूर ४० डेसिबलने हळू असेल, गायकाच्या मागे विरत जाणाऱ्या तंबोऱ्याच्या झंकारासारखा, तर सुईची हालचाल शंभरपटीने कमी होऊन ८० नॅनोमीटरवर येते, आणि ही लांबी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पुष्कळ लहान आहे. असे असूनही तो झंकार आपल्याला स्वच्छ ऐकू येतो. १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी बाजारात आली तेव्हा हे जितके थक्क करणारे होते, तितकेच ते आजही आहे.

जुने टर्नटेबल विकत घेणाऱ्याने या आकड्यांवर थोडा वेळ थांबावे, कारण पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, हे त्यांतूनच ठरते. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला एक बारीकसे चुंबक असते. ते हलले की शेजारच्या वेटोळ्यांत ३ ते ५ मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. मात्र सुई खाचेमुळे हलली, मोटारीच्या थरथरीमुळे हलली, की शेजारच्या खोलीत कुणी धाडकन दार लावल्यामुळे हलली, हे त्या चुंबकाला कळण्याचा काही मार्ग नाही. सगळ्या हालचालींचा तो सारख्याच इमानाने आवाज करतो. म्हणून सुधारणेचा सगळा खटाटोप एकाच प्रश्नाभोवती फिरतो : खाचेखेरीज आणखी काय सुईला हलवते आहे, आणि खाच सांगते तितके हलण्यापासून सुईला काय अडवते आहे?

पुण्याच्या जुन्या बाजारातून काही वर्षांपूर्वी मी पट्ट्यावर चालणारे एक जपानी टर्नटेबल आणले. पहिल्या दिवशी त्यातून येणारा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होता आणि गाणे संपत आले की ‘स’ आणि ‘श’ फाटत होते. कार्ट्रिज, म्हणजे सुई, चुंबक आणि वेटोळी धरणारी डबी, गेले असणार, असे समजून मी नवीन घ्यायला निघालो होतो. तेवढ्यात दहापट मोठे दाखवणाऱ्या, घड्याळजीच्या भिंगातून सुई पाहिली. हिऱ्याचे टोक दिसतच नव्हते. त्याच्याभोवती राखाडी धाग्यांची आणि तेलकट धुळीची गाठ बसली होती, आणि सुई खाचेत टेकण्याऐवजी त्या गाठीवर तरंगत चालली होती. मऊ कुंचल्याने, मागून पुढे अशा एकाच दिशेने, चार-पाच वेळा झाडल्यावर गाठ निघाली आणि घोंगडीही उठली. कुंचला उलट किंवा आडवा फिरवला तर दांडी वाकते किंवा तुटते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. भांडी पुसण्याच्या पांढऱ्या मेलॅमिन स्पंजच्या तुकड्यावर सुई अलगद वरून खाली टेकवून उचलणे, हाही एक चांगला आणि जवळपास फुकटचा उपाय आहे.

फाटणारे ‘स’ मात्र तसेच राहिले, आणि त्यामागचे कारण जास्त रंजक आहे. तबकडी मिनिटाला ठरलेल्या फेऱ्या घेते, पण बाहेरच्या कडेला एका फेरीत कापले जाणारे अंतर मोठे असते आणि आत लेबलाजवळ लहान. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीची खाच सरकते, तर शेवटच्या गाण्यात सुमारे २१ सेंटिमीटर. १०,००० हर्ट्झचा एक तरंग, म्हणजे ‘स’च्या शिट्टीतला एक तुकडा, बाहेर ५१ मायक्रोमीटर जागेत ऐसपैस बसतो, आत त्याला २१ मायक्रोमीटरमध्ये दाटीवाटीने बसावे लागते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रोमीटरच्या आसपास असते. एवढ्या जाड टोकाला त्या चिंचोळ्या वळणांत नीट शिरताच येत नाही. लंबगोल टोकाची सुई खाचेला जिथे टेकते तिथे तिची त्रिज्या साधारण ८ मायक्रोमीटर असते, म्हणून तिला ती वळणे झेपतात. माझ्या मते जुन्या टर्नटेबलवर काही खर्च करायचाच असेल, तर पहिला रुपया इथे खर्च करावा. अनेक कार्ट्रिजांत सुईचा भाग ओढून बदलता येतो; बंद पडलेल्या जुन्या मॉडेलांसाठीही जपानमधली जिको ही कंपनी सुया बनवते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ या मालिकेत तर त्याच कार्ट्रिजला आज गोल टोकाची सुई लावून उद्या लंबगोल लावता येते.

नवी सुई लावण्याआधी तिचा कोन आणि भार पाहावा लागतो, आणि या कामाला पैसे नव्हे तर एक निवांत दुपार लागते. मूळ तबकडी कोरणारे यंत्र बाहेरून आत सरळ रेषेत जाते. आपला टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा लांब दांडा, मात्र एका टोकाला खिळलेला असल्यामुळे कंसात फिरतो. त्यामुळे संपूर्ण बाजूवर फक्त दोनच ठिकाणी सुई खाचेला बरोबर समांतर राहू शकते. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मांडणीत ही ठिकाणे मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर असतात. या दोन बिंदूंवर आडव्या-उभ्या रेघांचे चौकट असलेला कागद छापून, खुंटीत अडकवून, कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते पुढे-मागे सरकवत दोन्ही ठिकाणी रेघांशी जुळवायचे असते. छापलेला कागद पट्टीने मोजून घ्यावा, कारण छपाईयंत्र पान बसवण्याच्या नादात मापे चार-पाच टक्क्यांनी बारीक करते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. मी पहिल्यांदा तेच केले होते.

भाराबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे : हलकी सुई तबकडीला जपते. वास्तविक उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा भार कमी ठेवला, तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेची भिंत सोडते आणि पुन्हा आपटते. खाच खरवडली जाते ती या आपटण्याने. मर्यादा दीड ते अडीच ग्रॅम दिली असेल, तर मी दोनाच्या थोडे वरच ठेवतो. मागचे वजन फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असे करावे, आकड्यांची चकती शून्यावर आणावी आणि मग हवा तो आकडा येईपर्यंत फिरवावे. पडताळ्यासाठी सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. पण त्याची वजनाची ताटली लोखंडाची असेल तर कार्ट्रिजमधले चुंबक तिला ओढते आणि काटा सरळ खोटे सांगतो. तो विकत घ्यायचा नसेल, तर शाळेतली फूटपट्टी पेन्सिलीवर तोलून धरावी, एका बाजूला ५ सेंटिमीटरवर २०११ सालच्या मालिकेतले रुपयाचे नाणे ठेवावे आणि दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटरवर सुई टेकवावी. नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम, पट्टी समतोल राहिली तर सुईचा भार त्याच्या निम्मा, म्हणजे १.९ ग्रॅम.

सुईच्या घर्षणामुळे टोनआर्म आतल्या बाजूला ओढला जातो, म्हणून त्याला बाहेर खेचणारी एक हलकी स्प्रिंग किंवा दोऱ्याला टांगलेले वजन दिलेले असते. मोठ्या आवाजात फक्त उजवी बाजू फाटत असेल, तर हे खेचणे थोडे वाढवून पाहावे, कारण उजव्या बाजूचा आवाज खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर असतो आणि सुई तीच भिंत आधी सोडते.

आता वेग. यासाठी कुठलेही उपकरण नको. तबकडीखाली कागदाचा लहानसा तुकडा कडेबाहेर डोकावेल असा ठेवावा, सुई खाचेत ठेवूनच तबकडी फिरवावी आणि ३ मिनिटांत फेऱ्या मोजाव्यात. त्या बरोबर १०० भरल्या पाहिजेत. एक फेरी कमी-जास्त म्हणजे १ टक्क्याची चूक. पट्टा ताणून सैल झाला असेल, तर फेऱ्या कमी भरतात आणि लांबलेला स्वर डगमगतो. नवा पट्टा स्वस्त असतो. जुना साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला, तरी कधीकधी वर्षभर निभतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाने येताना टर्नटेबल आणून दिले असेल, तर एक वेगळीच गंमत होते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण विजेची वारंवारता तिथे ६० हर्ट्झ आणि इथे ५०. विजेच्या वारंवारतेशी बांधलेली मोटार असल्यास तबकडी मिनिटाला २७.८ फेऱ्याच घेते आणि गायकाचा षड्ज थेट मंद्र सप्तकातल्या शुद्ध धैवतावर जाऊन बसतो. अशा वेळी मोटारीवरची पुली सव्वापट नव्हे, बरोबर १.२ पट व्यासाची बसवावी लागते.

दर फेरीला एकदा, म्हणजे साधारण पावणेदोन सेकंदांनी, स्वर वर-खाली होत असेल तर मात्र टर्नटेबलला दोष देऊ नये. तबकडीचे भोक मध्यापासून पाऊण मिलिमीटर सरकलेले असले, तरी शेवटच्या गाण्यात स्वर दोन्ही बाजूंना सव्वा टक्क्याने हलतो. हे अंतर ८१:८० या प्रमाणश्रुतीएवढे, म्हणजे शास्त्रीय संगीतातल्या एका सूक्ष्म स्वरांतराएवढे आहे. शास्त्रीय गाण्याच्या कानाला ते लगेच टोचते, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

धरतीकडून येणाऱ्या थरथरीबाबत आपल्याकडच्या सिमेंटच्या स्लॅबवर राहणारा श्रोता नशीबवान म्हणायचा. वाड्यातल्या लाकडी माडीवर पाऊल टाकले की सुई उडते. तिथे भिंतीत ठोकलेली फळीच बरी. टर्नटेबल आणि स्पीकर एका मेजावर ठेवू नयेत, हे तर निर्विवाद. त्यापुढे जायचे असेल, तर ओटे घालणाऱ्याकडून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणावा. ४५ बाय ३५ सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा आठ-साडेआठ किलोंचा भरतो. मात्र त्याखाली काय ठेवायचे, याला भौतिकशास्त्र आहे. आधार वजनाखाली अडीच मिलिमीटर दबला, तर सगळी रचना १० हर्ट्झला डोलते, आणि नेमकी त्याच सुमारास टोनआर्म आणि सुई यांचीही स्वाभाविक कंप्रता असते. म्हणजे उपायाने रोग वाढतो. आधार १ सेंटिमीटर दबेल इतका मऊ असेल, तर डोलणे ५ हर्ट्झवर उतरते. सायकलची जुनी ट्यूब अर्धवट हवा भरून कडप्प्याखाली ठेवली की हे साधते. दिसायला ते फारसे बरे दिसत नाही.

विजेच्या बाजूला दोनच गोष्टी महत्त्वाच्या. गुणगुण ऐकू येत असेल, तर अर्थिंगची वेगळी बारीक तार प्रीअँपच्या, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण विद्युतदाब वाढवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूला घट्ट बसली आहे का ते पाहावे आणि हेडशेलमधल्या, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागातल्या, चार तारा रंगांप्रमाणे आहेत का तेही : पांढरी व निळी डावीकडे, लाल व हिरवी उजवीकडे. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या तर ढाला, म्हणजे खालचा जाड आवाज, पातळ पडतो आणि मधोमध उभा असलेला गायक खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट केबलच्या लांबीची. कार्ट्रिजचे वेटोळे आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनादी मंडळ बनते, म्हणजे एका ठरावीक कंप्रतेला ते सर्वांत जोरात प्रतिसाद देते. धारिता २५० पिकोफॅरड असताना त्याचे शिखर १४,००० हर्ट्झच्या आसपास येते, ती दुप्पट झाली की १०,००० वर उतरते आणि त्यापलीकडचा वरचा आवाज गळतो. म्हणून महागड्या लांब केबलपेक्षा साधी आखूड केबल सरस ठरते, आणि तबकडीखालच्या चटयांवर आणि केबलींवर हजारो रुपये घालणाऱ्यांशी माझे इथे जमत नाही.

तबकड्या धुवायला ऊर्ध्वपातित पाणी आणि बिनवासाच्या द्रवसाबणाचा एक थेंब पुरतो. पावसाळ्यातली बुरशीही त्याने निघते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावू नये. त्या लाखेपासून बनवलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. शिवाय त्यांच्या रुंद खाचेला एलपीच्या त्रिज्येच्या जवळपास चौपट जाड टोकाची वेगळी सुई लागते.

एवढे सगळे करूनही एक दोष स्वस्तात जात नाही, आणि तो बाजारात उभ्या-उभ्या तपासता येतो. टोनआर्मचे पुढचे टोक दोन बोटांत धरून अगदी हलकेच पुढे-मागे करावे. खिळीपाशी ‘टक’ असा सैलपणा बोटाला जाणवला, तर बेअरिंग झिजलेले आहे. ते टर्नटेबल तिथेच ठेवावे आणि शेजारच्या गाळ्याकडे वळावे.