'पडून राहा' म्हणण्याआधी

खानदेशात घरात कॅन्सरचं दुखणं वाढलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "आबा, उठू नका, पडून राहा." हे मायेपोटीच. पण त्या पडून राहण्याने त्रास वाढतो. वापर थांबला की पायांचे स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात आणि खंगलेल्या माणसाला मोरीपर्यंत जाणंही जड होतं. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही. झेपेल तेवढ्या हालचालीने तो थोडा हलका होतो.

अशी हालचाल आणि व्यायाम शिकवतो तो फिजिओथेरपिस्ट. गाठ विरघळवणं त्याच्या हाती नसतं. तो आधी विचारतो, तुम्हाला काय करता यावंसं वाटतं? उत्तर 'ओट्यावर बसून चहा' असेल, तर व्यायाम तिथूनच ठरतो: खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, धरून उठणं, चार पावलं, विसावा.

धापेवरचे उपाय तर प्रत्येक घराने शिकावेत. टेबलावर उशी ठेवून, पुढे झुकून कोपर टेकवले की खांद्या-मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. श्वास सोडताना गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. आणि पंखा! गालांवर, नाकाजवळ वारा लागला की चेहऱ्याच्या संवेदना नेणारी नस मेंदूला कळवते आणि धाप कमी जाणवते. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, रक्तातला ऑक्सिजन फार कमी नसलेल्या रुग्णांना नळीतून ऑक्सिजन दिला काय किंवा साधी हवा दिली काय, धापेत सारखाच फरक पडला. म्हणून सिलिंडरसाठी कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, ऑक्सिजनची खरंच गरज आहे का. मे महिन्यात वीज गेली तर हातपंखाही चालतो.

तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर खूप. शस्त्रक्रिया किंवा शेक (रेडिएशन) दिल्यानंतर जबडा आखडतो; तोंड 35 मिलिमीटरहून कमी उघडलं तर खाणं अवघड होतं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची, हा स्वस्त व्यायाम आहे. जखम ताजी असेल किंवा गाठ पुन्हा आली असेल, तर मात्र विचारल्याशिवाय नाही.

हाडात आजार पसरला असेल तर व्यायामाआधीच सांगा, कारण असं हाड थोड्या भारानेही मोडू शकतं. पाठ नव्याने दुखू लागली आणि पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. तेव्हा चोळत बसू नका. त्याच दिवशी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचं मोठं रुग्णालय गाठा.