उदबत्तीचा धूर आणि हीटरचं बिल

कडाक्याच्या थंडीत, जरा वारा सुटलेला असताना, घरातले पंखे बंद करा आणि एक उदबत्ती पेटवून दाराशी न्या. धूर सरळ वर जायला हवा. उंबरठ्याशी तो एकदम आडवा होतो, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात नुसता थरथरतो. मी हा उद्योग पहिल्यांदा केला तेव्हा दारं-खिडक्या वाटल्या होत्या तेवढ्याच वाईट निघाल्या. चकित केलं ते बाहेरच्या भिंतीवरल्या विजेच्या बोर्डाने. वायरींच्या नळीतून येणारी गार हवा धुराला चक्क मागे लोटत होती. (पडद्यांजवळ मात्र उदबत्ती जपून.)

दाराखालची सेंटिमीटरभर फट डोळ्यांत भरत नाही. पण दार ९० सेंटिमीटर रुंद असेल, तर ती फट ९० चौरस सेंटिमीटरची झाली. भिंतीला तळहाताएवढं भोक पडलं असतं तर आपण त्याच दिवशी गवंड्याला बोलावलं असतं.

या भोकाची किंमत काढता येते. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. आत २० अंश, बाहेर शून्य, आणि तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलते असं धरलं, तर नुसती ती हवा तापवायलाच सतत १९० वॉट लागतात. दिवसाला साडेचार युनिट! चौकटीला फोमची चिकटपट्टी आणि दाराशी जुन्या चादरीची घट्ट गुंडाळी, एवढ्यावर त्यातला बराच भाग वाचतो. पैशांच्या हिशेबात याच्याइतका किफायतशीर उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

फटी खालच्या तेवढ्या बुजवून भागत नाही. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि छताजवळच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून गार हवा ओढली जाते. उघड्या शेकोटीचं धुराडं म्हणजे याच तत्त्वावर चालणारा पंपच. १७९०च्या दशकात काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने धुराड्याचा गळा अरुंद केला. धूर नीट वर जाऊ लागला, आणि त्याच्यासोबत खोलीतली ऊब पळवणारी हवाही कमी झाली. लोकर आणि पिसं उबदार का, याचाही याच गृहस्थाने छडा लावला होता: ऊब राखतो तो तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेचा थर.

हीच अडकलेली हवा खिडकीत कामाला येते. उष्णता वाहून नेण्यात काच ही स्तब्ध हवेच्या साधारण ४० पट तरबेज. एकेरी काचेच्या खिडकीतून जी काही उष्णता अडते, ती जवळजवळ सगळी काचेच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिलेल्या हवेच्या पातळ थरांमुळे. काचेचा स्वतःचा वाटा शेकडा दोन-तीन. म्हणून जाड काच बसवून फारसं काही साधत नाही. ४ फूट बाय ४ फुटांच्या एकेरी काचेतून २० अंशांच्या फरकाला १७० वॉट निघून जातात. काचेपासून दीड-दोन सेंटिमीटर आत, चौकटीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या, की हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. अंतर फार वाढवलं तर मधली हवा फिरू लागते आणि जास्तीचा फायदा उरत नाही. एक कड जरी उघडी राहिली, तर मेहनत बरीचशी वाया.

पडद्याचंही तसंच. काचेशी गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते आणि पडद्याखालून पायांशी येते. पडदा जमिनीला किंवा खिडकीच्या कठड्याला टेकलेला हवा, वरूनही बंद हवा. खिडकीखाली हीटर असेल तर पडदा त्याच्यावरून नको, नाहीतर ऊब थेट काचेच्या वाट्याला जाते. शिवाय पडदा पेटण्याची भीती वेगळीच.

जाड पडद्याचा आणखी एक फायदा थर्मामीटरला कळत नाही. शरीर आसपासच्या गार पृष्ठभागांकडे उष्णता फेकत असतं. हवा २० अंशांवर, पण भिंती आणि काचा १४ वर असतील, तर अंगाला १७ अंशांसारखं वाटतं. मग आपण हीटर वाढवतो. त्यापेक्षा पलंग बाहेरच्या भिंतीपासून हलवलेला बरा.

आता हीटर. महागडा असो वा स्वस्त, विजेचा साधा १५०० वॉटचा हीटर तासाला दीड युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. जाहिराती काही का म्हणेनात. वेगळा आहे तो हीट पंप, कारण तो उष्णता बाहेरून आत ओढून आणतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब देतो. कडक थंडीत हे प्रमाण घसरतं. ‘घर गार होऊ देण्यापेक्षा हीटर चालू ठेवलेला स्वस्त’ हा समज साध्या हीटरपुरता तरी चूक आहे. गळती तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात होते. बाहेर शून्य असताना २० ऐवजी १८ वर भागवलं तर ती दहा टक्के कमी. मात्र १८च्या खाली फार जाऊ नये, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तेवढीच आहे. आणि रिकामं घर गोठू देऊ नये; पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, नळ फुटतात.

रात्री अख्खी खोली कशाला तापवायची? १० अंशांचं दीड लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला हीटरच्या साडेतीन मिनिटांची वीज लागते. ते रबरी पिशवीत भरून, टॉवेलात गुंडाळून रजईत पायांशी ठेवा. दोन-तीन तास तरी ऊब पुरते.

घर बंदिस्त केलं की ओल साचते. २० अंशांची एक घनमीटर हवा १७ ग्रॅम बाष्प धरते, शून्य अंशांची पाचही नाही, म्हणून गार कोपऱ्यात पाणी सुटतं आणि बुरशी धरते. दिवसातून एकदोनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडाव्यात. एका वेळच्या हवेला पाव युनिटही लागत नाही, आणि भिंतींत साठलेली ऊब तेवढ्यात जात नाही.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट धरतो. गॅसवर किंवा लाकडावर चालणारं काही घरात असेल, तर त्याच्यासाठी भिंतीत ठेवलेली हवेची जाळी चिकटपट्टीच्या उत्साहात बुजवून टाकू नका.