बीपी नेहमी सुक्या मासळीचंच नसतं

“पोराला बीपी निघालं? सुकं खाणं बंद करा, येईल ठिकाणावर.” रत्नागिरी-मालवणकडे हे सर्रास ऐकू येतं. खारवलेल्या बांगड्यातलं मीठ बीपी वाढवतं, हे खरंच. पण विशीतल्या मुलाचं बीपी वाढलं की सगळा दोष ताटावर ढकलणं धोक्याचं आहे.

क्वचित कारण जन्मजात असतं. हृदयातून निघालेली महाधमनी डाव्या हाताकडे फांदी गेल्यावर लगेचच अरुंद झालेली असते. मग हातांत दाब जास्त, पायांत कमी. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, आणि ती दाब आणखी चढवतात. डोकं ठणकतं, पाय गार पडतात, होडी ओढताना पोटऱ्या भरून येतात. काहींना तर काहीच जाणवत नाही.

पहिली तपासणी साधी आहे. डॉक्टर एक हात मनगटावर, दुसरा जांघेत ठेवतात. दोन्हीकडे ठोका जवळजवळ एकदमच लागायला हवा. जांघेतला मंद किंवा उशिरा लागला, की पायाचंही बीपी मोजायचं, मग इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी स्कॅन. तरुण मुलाचं बीपी असेल तर हे करायला सांगाच, संकोच नको.

अरुंद महाधमनीवर १९४४पासून शस्त्रक्रिया होते. आता काहींना स्टेंटही (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवतात. मात्र त्यानंतरही बीपी चढू शकतं, म्हणून तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते.