नॉब बदलताना अडतं ते ०.३५ मिलिमीटरवर

बेस गिटारचे नॉब बदलणं म्हणजे जुना ओढून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा, एवढंच वाटतं. मग नवा नॉब दांडीवर ठेवावा, तर तो एक तर सैल डुगडुगतो, नाही तर अर्ध्यावरच अडतो. बहुतेक वेळा नॉबमध्ये काहीच खोट नसते. या दांड्यांची दोन मापं जगभर चालतात. एक ६ मिलिमीटर, दुसरं पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सगळी अडचण त्या ०.३५ मिलिमीटरची.

ही दांडी ज्यातून वर येते तो पोटेन्शियोमीटर. वादक त्याला नुसतं पॉट म्हणतात. पत्र्याच्या चपट्या डबीत नालाच्या आकाराचा कार्बनचा पट्टा असतो आणि दांडी फिरली की वायपर, म्हणजे दांडीला जोडलेला धातूचा सरकता स्पर्शक, त्यावरून सरकतो. पिकअपकडून, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाकडून, आलेल्या सिग्नलपैकी किती पुढे जाऊ द्यायचा, ते वायपरच्या जागेवरून ठरतं. सिग्नलच्या वाटेत नॉब कुठेच येत नाही. म्हणून नॉब बदलल्याने आवाज भरदार होतो असं कुणी म्हणालं, तर ते मानू नये.

तरी नॉबने वाजवण्यात फरक पडतो, आणि मला यातली हीच बाजू सगळ्यात आवडते. पॉट साधारण ३०० अंश फिरतं. १५ मिलिमीटर व्यासाच्या नॉबच्या कडेवर बोट तेवढ्यात सुमारे ३९ मिलिमीटर सरकतं, २० मिलिमीटरच्या नॉबवर सुमारे ५२. तेवढ्याच बदलासाठी बोटाला जास्त जागा मिळते, जोरही कमी लागतो. आवाज केसभर कमी करायचा असतो तेव्हा हे लगेच जाणवतं. आपला कान गुणोत्तरं ऐकतो, म्हणून आवाजाच्या नॉबखाली बऱ्याचदा लॉग प्रकारचं पॉट असतं. दांडी निम्मी फिरली तरी त्यात रोध जेमतेम १० ते १५ टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. नॉबवरचा ५ हा आकडा निम्मा सिग्नल दाखवत नाही, तो फक्त दांडी किती फिरली ते सांगतो.

धातूच्या नॉबची आणखी एक गोष्ट. त्याचा स्क्रू दांडीला टेकलेला असतो, दांडी डबीला आणि डबी ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला, जोडलेली. त्यामुळे तारांना हात लावल्यावर जशी गुणगुण कमी होते, तशी असा नॉब धरल्यावरही होऊ शकते. प्लास्टिकच्या नॉबला हे जमत नाही.

काढण्याआधी नॉबच्या कडेला बारीक भोक आहे का ते बघा. असलं तर आत स्क्रू आहे, आणि इथेही तोच मापांचा घोळ: १.५ मिलिमीटरची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) १/१६ इंचाच्या, म्हणजे १.५९ मिलिमीटरच्या स्क्रूत बसल्यासारखी वाटते, पण जोर लावला की स्क्रूचे कोपरे झिजवते. भोक नसलं तर कापडाची पट्टी नॉबखाली सरकवून दोन्ही टोकं सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर पॉलिशवर खाच पडते.

दांडी मधोमध चिरलेली आणि दातेरी असेल, तर तिला दाबून बसवायचा नॉब लागतो. दातेही मोजून बघा: ६ मिलिमीटरच्या दांडीला बहुधा १८, पाव इंचीला २४. गुळगुळीत भरीव दांडीला स्क्रूचा नॉब. चिरलेल्या दांडीवर स्क्रूचा नॉब आवळला, की स्क्रू चिरेच्या एका बाजूच्या अर्ध्या भागाला आत ढकलतो, नॉबचा मध्य सरकतो आणि फिरवताना तो लंगडत फिरतो. अशा वेळी दांडीवर पितळी नळी चढवून मग स्क्रू आवळावा. फेंडरच्या १९६० च्या पहिल्या जॅझ बेसवर एकाच जागी नॉबवर नॉब होते, दांडीच्या आत दांडी. तशा पॉटला त्याचीच जोडी हवी, सुटे नॉब चालत नाहीत.

बसवताना दांडी आधी शून्याकडे पूर्ण फिरवा, मग नॉबवरची खूण जुळवा. नॉब पार खाली टेकवू नका. खाली जाड कागद ठेवून स्क्रू आवळा आणि कागद ओढून घ्या. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना खरखर ऐकू आली, तर तो अजून कुठेतरी घासतोय. स्क्रू सैल करून किंचित वर घ्या.